साहसी टोळीतील मूल : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या कथाविश्वातील पालकत्वाचा पेच

साहसकथेतील नायक घर सोडून निघतो. मुलाला मात्र घर लागते. या दोन गरजांचा मेळ घालण्याची वेळ साहसकथेवर सहसा येत नाही, कारण बहुतेक कथांत नायक एकटा असतो, किंवा त्याची मुलेबाळे त्याची वाट पाहत मागे राहिलेली असतात. टोळीने वाटेत सापडलेले परके मूल आपले म्हणून सांभाळायला घेतले की हा पेच टाळता येत नाही. प्रस्तुत लेखात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या कथाविश्वातील दोन उदाहरणांच्या आधारे या पेचाचा विचार केला आहे. पहिले उदाहरण 'क्रिटिकल रोल' या प्रक्षेपित खेळमालिकेच्या दुसऱ्या पर्वातील कीरी या बालपात्राचे आहे. दुसरे २०२३ साली प्रदर्शित झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ह्ज' या चित्रपटातील होल्गा या पालक मातेचे आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात 'डंजन मास्टर' म्हणजे एक सूत्रधार कल्पित जग उभे करतो, इतर खेळाडू त्या जगातील एकेक पात्र होऊन बोलतात व वागतात, आणि कृती सफल झाली की फसली हे फासे ठरवितात. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा सलग कथेला 'कॅम्पेन' म्हणतात. आरंभीच्या नियमांनुसार पात्राला अनुभवगुण मिळत ते मुख्यतः राक्षस मारल्याबद्दल आणि खजिना आणल्याबद्दल. संगोपनाला गुण नव्हते, आणि पुढेही ते आले नाहीत.

नियमांची ही उदासीनता निरुपद्रवी नाही. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत सामान्य नागरिकाला सरासरी ४ जीवनगुण दिलेले आहेत. 'फायरबॉल' हा परिचित मंत्र आठ षट्फलकी फाशांइतकी, म्हणजे सरासरी २८ गुणांची हानी करतो. प्रसंगावधानाने अंग चोरले तरी निम्मी हानी उरतेच. मुरलेला योद्धा त्यातून उठून उभा राहतो. त्याच्या बोटाला धरून चाललेले मूल उठत नाही. तेव्हा 'मुलाला सोबत न्यावे की नाही' हा प्रश्न येथे केवळ भावनेचा राहत नाही, त्याला अंकगणिताचा आधार मिळतो.

यामुळेच या विश्वातील लेखक संगोपनाचा काळ बहुधा भूतकाळात ढकलतात. आर. ए. साल्वातोरे यांच्या 'द क्रिस्टल शार्ड' (१९८८) या कादंबरीतील ब्रूनॉर हा बुटक्यांचा प्रमुख कॅटी-ब्री या अनाथ मानवकन्येचा पालक आहे. परंतु कथा सुरू होते तेव्हा ती वाढलेली असते. पालकत्वाचे नाते आहे, पण पालकत्वाचे काम वाचकाला पाहावे लागत नाही.

कीरीच्या बाबतीत ते पाहावे लागते. मॅथ्यू मर्सर सूत्रधार असलेल्या या पर्वाला जानेवारी २०१८ मध्ये आरंभ झाला. 'मायटी नाईन' नावाच्या टोळीला दलदलीच्या प्रदेशात एक एकाकी पक्षिमानव बालिका सापडते. ती 'केंकू' वंशाची आहे. तत्कालीन नियमांप्रमाणे केंकूंना शापामुळे पंख नाहीत आणि स्वतःची वाणीही नाही. ऐकलेल्या आवाजाची नक्कल करणे एवढेच त्यांना शक्य असते. टोळी तिला सोबत घेते. कसलेही दत्तकविधान होत नाही, कोणी आईबाप म्हणवून घेत नाही. तिला खाऊ घालणे, तिच्यावर लक्ष ठेवणे आणि तिला बोलायला शिकविणे एवढेच सुरू होते.

या प्रसंगमालिकेचे खरे बळ या बोलण्यात आहे. कीरीचे प्रत्येक वाक्य टोळीतील कोणाचे तरी असते, आणि ते त्याच व्यक्तीच्या लकबीत परत येते. जेस्टर तिला गोड बोलणे शिकविते. शिव्या मात्र कोणी शिकवायला न बसताही ती उचलते आणि नको त्या ठिकाणी म्हणून दाखविते. प्रेक्षक हसतात, खेळाडूही हसतात. परंतु ही केवळ विनोदाची सोय नाही. कीरीला वाणी देणारा सूत्रधार आहे, आणि आपले कोणते वाक्य त्याच्या लक्षात राहिले आहे हे खेळाडूंना आधी ठाऊक नसते. पालकाने बेसावधपणे उच्चारलेला शब्द मुलाच्या तोंडून ऐकण्याचा अनुभव येथे पूर्वलिखित संहितेविना, खेळणाऱ्यांच्या देखत घडतो. लिखित कादंबरीत हा परिणाम साधणे अवघड, कारण तेथे दोन्ही वाक्ये लेखकाचीच असतात.

एक आक्षेपही नोंदविला पाहिजे. काही काळ कीरी मुलापेक्षा पाळीव पक्ष्यासारखी वागविली जाते. तिच्या दुःखापेक्षा तिच्या नकला अधिक वेळा मागितल्या जातात. दलदलीत ती एकटी का होती, या प्रश्नाला मिळायला हवा तेवढा अवधी मिळत नाही. कौतुक आणि संगोपन यांतील अंतर टोळीला उशिरा कळते.

ते कळते हुपरडूक या कारागिरांच्या नगरात. तेथे शुस्टर आडनावाच्या कुटुंबातील मुले आईवडील तुरुंगात असल्याने एकटीच राहत असतात. टोळी तुरुंगातील एका घातक यंत्राचा बंदोबस्त करून त्या आईवडिलांची सुटका घडविते आणि कीरीला त्यांच्या घरी ठेवते. एका मुलीला घर मिळावे म्हणून आधी ते घर पुन्हा उभे करावे लागते, ही रचना सहज सुचलेली असली तरी अर्थपूर्ण आहे. निरोप घेताना सर्वाधिक तुटते ती जेस्टर, आईच्या व्यवसायामुळे लोकांच्या नजरेआड वाढलेली मुलगी. टोळीतील नॉट ही स्वतः एका लहान मुलाची आई असून त्याच्यापासून दुरावलेली आहे, हे रहस्य प्रेक्षकांना पुढे उलगडते. ते कळल्यावर मागील प्रसंग पुन्हा पाहिला, तर तिची प्रत्येक लहानसहान काळजी वेगळी दिसू लागते.

या निर्णयाची परीक्षा तत्काळ होते. हुपरडूक सोडल्यानंतर लवकरच गुलामांचे व्यापारी जेस्टर, फिऑर्ड व याशा यांना रात्री पळवून नेतात, आणि त्यांना सोडविण्याच्या प्रयत्नात मॉलीमॉक मारला जातो. कीरी त्या मुक्कामावर असती तर काय झाले असते, हे कोणी बोलून दाखविण्याची गरज उरत नाही. या अपहरणामागे व्यावहारिक कारणही होते. जेस्टर आणि फिऑर्ड साकारणारे लॉरा बेली व ट्रॅव्हिस विलिंगहॅम हे दांपत्य त्या सुमारास अपत्यजन्मामुळे खेळापासून काही काळ दूर राहणार होते. बालिकेला घरी ठेवणारी पात्रे आणि घरात बाळ येणार असलेले कलावंत यांचा हा योग कोणी योजला नसावा. पण या कलाप्रकारात जीवन व कथा यांतील भिंत किती पातळ असते, हे त्यातून दिसते.

जोनाथन गोल्डस्टीन व जॉन फ्रान्सिस डेली दिग्दर्शित चित्रपट दुसऱ्या वाटेने जातो. एडगिन हा सज्जनांच्या गुप्त संघटनेचा सदस्य मोहाने तांबड्या मांत्रिकांचा ऐवज चोरतो, आणि त्यापायी त्याची पत्नी झिया मारली जाते. तान्ह्या कीराला वाढविण्यात त्याला साथ मिळते ती जमातीने बहिष्कृत केलेल्या होल्गा या लढवय्या स्त्रीची. दोघांमध्ये प्रणय नाही, विवाह नाही. उदरनिर्वाह चोरीवर चालतो. मृताला जिवंत करणारी एक पाटी चोरून झियाला परत आणण्याच्या नादात दोघे पकडले जातात आणि दोन वर्षे तुरुंगात काढतात. तेवढ्या काळात कीराला फोर्ज हा विश्वासघातकी साथीदार वाढवितो. बापाने तुला लोभापायी टाकले, असे तिच्या मनात भरवितो. म्हणजे या कथेत मुलीचे दोन पालक आहेत, एक पोसणारा पण खोटा, दुसरी खरी पण गैरहजर.

संगोपनाची वर्षे चित्रपट काही क्षणांत आटोपतो, ही त्याची उणीव आहे. शेवटी मात्र तो नेमक्या जागी हात घालतो. होल्गा प्राणघातक घावाने पडते. पाटी एकदाच वापरता येते. एडगिन ती झियासाठी न वापरता होल्गासाठी वापरतो, कारण कीराला जी आई ठाऊक आहे ती हीच, आणि झियाला परत आणण्याची ओढ मुलीपेक्षा त्याची स्वतःची होती, हे त्याला कळून चुकलेले असते. कर्णाचे 'राधेय' हे नाव जन्मदात्रीवरून नव्हे, पालक मातेवरून आले, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला या निवडीचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही. खजिना मिळविण्यासाठी रचलेल्या खेळाच्या कथेत सर्वांत मौल्यवान वस्तू अशा रीतीने खर्ची पडते.

दोन्ही कथांत एक गोष्ट समान राहते. निर्णय मोठी माणसे घेतात. कीरा निदान रागावू शकते, बापाला जाब विचारू शकते. कीरीच्या बाबतीत संमतीचे शब्दही टोळीकडूनच उसने घेतलेले आहेत, त्यामुळे ती हुपरडूकला खुशीने राहिली की नाही, हे तिच्या बोलण्यावरून निश्चित सांगता येत नाही. २०२२ सालच्या सुधारित नियमपुस्तकात केंकूंवरील वाणीचे हे बंधन काढून टाकण्यात आले. पुढच्या एखाद्या कॅम्पेनमधील कीरीला स्वतःचे वाक्य बोलता येईल. परक्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून 'मला येथे राहायचे नाही' असेही ती म्हणू शकेल, आणि फासे बाजूला ठेवून टोळीला तिला उत्तर द्यावे लागेल.