चित्र जिंकले नसते तर?

आमीर खान दिग्दर्शित 'तारे जमीन पर' 2007 च्या डिसेंबरमध्ये आला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी डोळे पुसले. मीही पुसले. परवा नोव्हेनातल्या घरी तो पुन्हा पाहिला. या वेळी शेजारी माझा दहा वर्षांचा मुलगा होता. गुरूच्या चंद्रांची नावे त्याला तोंडपाठ, पण चार ओळी लिहायला अर्धा तास. मी त्याला बरीच वर्षे 'आळशी' म्हणत आलो, हे आधीच कबूल करतो.

डिस्लेक्सिया असलेल्या ईशानच्या वडिलांचेही तेच मत. निकुंभ सर त्यांच्या हाती परक्या लिपीतला मजकूर असलेला खोका देऊन 'वाचा' म्हणतात. वाचता येईना तेव्हा त्यांनाच दरडावतात. रोज चिनी पाट्यांखालून जाणाऱ्या आपल्याला हा प्रसंग समजावून सांगायला नको. अमोल गुप्ते यांच्या पटकथेतली ही सर्वांत बळकट जागा.

माझ्या तक्रारी दोन. निकुंभ सर वह्या चाळून निदान करतात. मानसशास्त्रज्ञाची रीतसर चाचणी होतच नाही. पण अशा मुलांची खरी गफलत तिथेच होते. हुशारी अडचण झाकते, अडचण हुशारी झाकते आणि सरासरी 'सर्वसाधारण' निघते. विचारशक्ती आणि कामाचा वेग यांचे गुण वेगवेगळे पाहिले तरच दरी दिसते. सिंगापूरमध्ये 1984 साली प्रतिभावान मुलांची योजना सुरू झाली. तिची तिसरीतली पहिली गाळणी इंग्रजी आणि गणिताच्या लेखी परीक्षेची. सावकाश वाचणारा मुलगा तिथेच गळणार! ती योजना त्या स्वरूपात बंद करण्याची घोषणा 2024 मध्ये झाली. नव्या व्यवस्थेत तरी अशा मुलाची आठवण राहावी.

दुसरी तक्रार शेवटाची. ईशान चित्रकला स्पर्धेत पहिला येतो आणि सारे गहिवरतात. जिंकला नसता तर? वाळूत अक्षरे गिरवून घेणारे, पायऱ्यांवर गणित शिकवणारे सर त्याला तरीही मिळायलाच हवे होते. मदत ही काही प्रतिभेचे बक्षीस नव्हे.

घराजवळच्या युनायटेड स्क्वेअरमध्ये जिकडेतिकडे मुलांच्या शिकवण्यांच्या पाट्या. यंदा आम्ही तिथे नवी शिकवणी शोधली नाही. चाचणीची वेळ घेतली.

चित्रपट संपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तो आळशी नव्हताच." कोणाबद्दल, हे मी विचारले नाही.