०८०६ ची ओळ

स्विचचे कॉन्फिगरेशन रसिकतेने वाचायची आपल्याला सवय नाही. पण एकही ओळ गाळता येऊ नये, असे बांधीव लेखन तिथेही भेटते. कॉमवेअर प्रणालीच्या स्विचवर प्रोटोकॉलनुसार व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्यातले आभासी विभाग, मांडणाऱ्या मोजक्या ओळी मला तशा वाटतात. एकाच पोर्टवरून आत येणारी आयपीव्ही४ ची वाहतूक व्हीलॅन १०० मध्ये आणि आयपीव्ही६ ची २०० मध्ये न्यायची, एवढीच मागणी.

एरवी केबल ज्या पोर्टला लावली, त्यावरून व्हीलॅन ठरतो. २००१ च्या ८०२.१व्ही मानकाने फ्रेमच्या पोटात काय आहे, हेही पाहायची सोय केली. ते कळते इथरटाइपच्या दोन बाइटांवरून: ०८०० म्हणजे आयपीव्ही४, ८६डीडी म्हणजे आयपीव्ही६.

व्हीलॅन १०० खालची पहिली ओळ अपेक्षितच, आयपीव्ही४ ची. खरी गंमत दुसरीत आहे: इथरटाइप ०८०६. हा एआरपी, आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधून देणारा. तो आयपीच्या पाकिटात बसून प्रवास करत नाही. त्याची फ्रेम वेगळी. ही ओळ विसरली, तर संगणकाची ‘हा पत्ता कोणाचा?’ ही विचारणा पोर्टच्या मूळ व्हीलॅनमध्ये जाते आणि वरवर पूर्ण दिसणारी रचना ठप्प होते. व्हीलॅन २०० खाली मात्र एकच ओळ पुरते, कारण आयपीव्ही६ मधला शेजाऱ्यांचा शोध आयपीव्ही६ च्याच पाकिटांतून होतो. दोन ओळी आणि एक ओळ, या फरकात दोन पिढ्यांची घडण वाचता येते.

पुढे पोर्ट ‘हायब्रिड’ केले जाते, तेही अकारण नाही. संगणकाला सहसा फ्रेमवरचा व्हीलॅनचा टॅग कळत नाही, म्हणून दोन्ही व्हीलॅनच्या फ्रेम टॅगविना बाहेर पडायला हव्यात; ट्रंक पोर्ट ही मुभा एकाच व्हीलॅनला देतो. शेवटच्या ओळी व्हीलॅनखाली लिहिलेले हे प्रोटोकॉलचे साचे पोर्टला जोडतात. तोवर ते नुसते लिहिलेले असतात. कसोटी लागते ती टॅग नसलेल्या फ्रेमना. टॅग घेऊन आलेल्या फ्रेमचा व्हीलॅन तिच्या टॅगवरूनच ठरतो.

‘आयपीव्ही४ चालवायचे’ या एका मागणीत दोन प्रोटोकॉल दडलेले आहेत, ही जाण या लेखनाचा प्राण आहे. शिकणाऱ्याने कमांड पाठ करण्याआधी प्रत्येक ओळीला ‘तू इथे का?’ असे विचारावे. उत्तरे उमगली की दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर कमांड बदलल्या, तरी काय मांडायचे ते त्याला ठाऊक असते.