संघटनेचा अभ्यास कोणाच्या आसनावरून?

गेल्या काही दशकांत व्यवस्थापनशास्त्र या विद्याशाखेस आपल्या देशात मोठी प्रतिष्ठा लाभली आहे. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या, १९७९ साली आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापन संस्था निघाली, आणि आज तालुक्याच्या गावीही या विषयाची महाविद्यालये दिसतात. आपल्या समाजातील तरुण-तरुणीही आता तेथे शिकत आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु जे शास्त्र आपली मुले आत्मसात करीत आहेत, त्याने नेतृत्व आणि संघटना यांविषयी काय सांगितले आहे व काय सांगावयाचे राहून गेले आहे, याची चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ती अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका उदाहरणाच्या आधारे करू इच्छितो.

हे उदाहरण सहकारी साखर कारखान्याचे आहे. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष. ग्रामीण कर्तृत्व आणि विद्वत्ता यांचा असा संयोग विरळाच. पुढे कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर असे कारखाने उभे राहिले आणि ज्या जिल्ह्याची ओळख दुष्काळाशी जोडलेली होती, त्याच्या कालव्याखालील पट्ट्याचे रूप पालटले. हे यश नाकारणे हा कोतेपणा ठरेल.

हे यश अभ्यासकांच्या दृष्टीतून सुटले नाही. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्यातील गट, निवडणुका व सत्तास्पर्धा जवळून पाहून त्यावर ग्रंथ लिहिला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक कारणमीमांसा मांडली. कारखान्याची यंत्रे अखंड चालवावयाची तर केवळ मोठ्या बागायतदारांचा ऊस पुरत नाही; लहान शेतकऱ्यांचा ऊस लागतोच. लहान शेतकरी संख्येने अधिक आणि मत प्रत्येकास एकच. म्हणून भाव सर्वांस समान द्यावा लागतो आणि पुढाऱ्यास लहान सभासदाची मर्जी राखावी लागते. आणंदच्या संस्थेतील तुषार शहा यांनी १९९५ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था कशाने टिकतात याचे विवेचन केले. संस्थेचे कार्य सभासदाच्या जीवनात मध्यवर्ती असावे आणि जो संस्थेशी अधिक व्यवहार करतो त्याचे हित कारभारात उमटावे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

हे संशोधन प्रामाणिक आहे. पुढारी थोर होता म्हणून संस्था मोठी झाली, एवढ्यावर ते थांबत नाही. संस्थेची रचना पुढाऱ्यास कसे वागावयास लावते हे ते दाखविते. तरीही त्याच्या मुळाशी एक शब्द चिकित्सेविना राहिला आहे, असे आम्हांस वाटते. तो शब्द म्हणजे 'सभासद'.

ऊस-उत्पादक सभासद व्हावयाचे तर जमीन हवी, आणि उसासाठी त्या जमिनीस पाणी हवे. ज्या समाजाच्या वाट्यास गावकीच्या चाकरीपोटी वतनाचा तुटपुंजा तुकडा आला, त्याच्याजवळ ही पात्रता कोठून येणार? याच जिल्ह्यातील हरेगाव येथे डिसेंबर १९३९ मध्ये वतनदार महार, मांग व वेठिया यांच्या परिषदेत बाबासाहेबांनी वतनाच्या या जाचाविरुद्ध आवाज उठविला होता. त्याच हरेगावात तेव्हा बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखानाही होता. एका गावात साखरेचे भांडवल आणि वतनाची गुलामी शेजारी-शेजारी नांदत होती. पुढे कारखाने खाजगीतून सहकारात आले, कनिष्ठ वतनेही १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पण सभासदत्वाचा उंबरठा जमिनीचाच राहिला.

या उंबरठ्याबाहेर ऊसतोड कामगार उभा आहे. बीड जिल्ह्यातून, तसेच नगर जिल्ह्याच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे बाहेर पडतात. यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, गरीब मराठाही आहेत. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ती फेडण्यासाठी हंगामभर फडात राबावयाचे, कारखान्याच्या आसपास कोपी घालून राहावयाचे, असा हा क्रम आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो; एकटे माणूस आले तर तो 'अर्धा कोयता'. एक दिवस काम चुकले की खाडा कापला जातो. कामगार मुकादमाचा, मुकादम कंत्राटाचा, म्हणून कारखाना म्हणतो की हा आमचा नोकर नव्हे. बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ साली शासनाने समिती नेमली. तिच्या पाहणीत ऊसतोडीस जाणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले.

सभासदाचा ऊस कोयत्याशिवाय गव्हाणीपर्यंत पोहोचत नाही. तरी व्यवस्थापनाच्या अभ्यासात कोयता हा संघटनेचा घटक ठरत नाही. तो 'तोडणी व वाहतूक' या खर्चाच्या सदरात जातो. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७८ साली दक्षिण गुजरातमधील बारडोलीच्या सहकारी कारखान्यांकडे फडाच्या बाजूने पाहिले, तेव्हा त्याच सहकाराचे निराळे रूप त्यास दिसले. संस्था त्याच प्रकारची होती. पाहणाऱ्याचे आसन बदलले होते. बाविस्कर व अ‍ॅटवुड यांनी १९९५ साली संपादिलेल्या ग्रंथाच्या नावात 'मध्यम मार्ग' हा आपल्या परिचयाचा शब्द आहे. शासन आणि खाजगी भांडवल यांच्या मधला मार्ग, असा त्यांचा आशय. पण जो मार्ग ज्यांच्या श्रमावर उभा आहे त्यांनाच वगळून काढला जातो, तो दोन मालकींच्या मधला असेल. दुःखाच्या दोन टोकांमधला नव्हे.

हा दोष एका-दोघा अभ्यासकांचा नाही. तो शास्त्राच्या घडणीतच आहे. टेलरने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाचा ग्रंथ लिहिला तेव्हा कामगार हा मोजण्याचा विषय होता. १९२४ ते १९३२ या काळात अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात जे प्रयोग झाले, त्यांतून कामगारास भावना असतात हे मान्य झाले. पण त्या भावनांचा उपयोग उत्पादन वाढविण्यासाठी कसा होईल, हा प्रश्न पुढे राहिला. १९७८ साली जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी देवघेवीचे नेतृत्व आणि परिवर्तनाचे नेतृत्व असा भेद केला. तो मोलाचा आहे, परंतु नंतरच्या व्यवस्थापन-साहित्यात 'परिवर्तन' हा शब्द बहुधा नफा व कार्यक्षमता यांच्या सेवेस जुंपला गेला. अध्यापनाची दृष्टान्तपद्धतीही पाहा. विद्यार्थ्याच्या हाती एक प्रकरण दिले जाते आणि विचारले जाते : 'तुम्ही व्यवस्थापक आहात, काय निर्णय घ्याल?' तुम्ही कोयता आहात, मग काय म्हणाल, असे विचारण्याची रीत या पद्धतीत रूढ नाही.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष विनयपिटकाकडे वेधू इच्छितो. विनय म्हणजे भिक्खूंच्या नियमांची रूक्ष यादी असा समज आहे. वस्तुतः तो दृष्टान्तांचा प्रचंड संग्रह आहे. प्रत्येक नियमापूर्वी घटना येते, आणि घटनेत पुनःपुन्हा एक गोष्ट आढळते : कोणीतरी तक्रार करते. भिक्खू पावसाळ्यातही हिंडतात, कोवळे गवत व लहान जीव तुडवितात, पक्षीदेखील या दिवसांत घरटे धरून राहतात, अशी लोकांनी कुरकुर केली. त्यातून वर्षावासाचा नियम झाला. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने आपले दुःख सांगितले. त्यातून आई-वडिलांच्या संमतीचा नियम झाला. तक्रार करणारे हे संघाचे सदस्य नव्हते, तरी त्यांच्या शब्दाने संघाचे नियम बदलले. पुढे नवी घटना घडली की नियमात दुरुस्तीही होई. ज्यास संघटनेचा त्रास होतो त्याच्या तोंडून संघटनेचा अभ्यास आरंभावा, ही ती पद्धत होय.

सदस्यत्वाचा उंबरठाही तेथे निराळा होता. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून उपाली न्हाव्यास आपल्या आधी दीक्षा देण्याची विनंती केली, आणि ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरत असल्यामुळे राजकुमारांस त्याच्यापुढे नम्र व्हावे लागले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे उत्तर देण्यास उभा राहिला तो हाच उपाली. आजारी भिक्खूचीही संमती मागवून घेतल्याशिवाय संघकर्म पूर्ण होत नसे. प्रस्ताव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खुसंघास ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेविरुद्ध त्यांनी इशारा दिला, हा योगायोग नव्हे.

मात्र प्राचीन संघ निर्दोष होता असा दावा आम्ही करीत नाही. कौशांबीचा कलह विनयातच नोंदला आहे, आणि भिक्खुणींवर लादलेल्या आठ गुरुधर्मांचा प्रश्न आजही आपल्याला अस्वस्थ करतो. 'अर्ध्या कोयत्या'वर टीका करताना स्त्रीस खालच्या पायरीवर ठेवणाऱ्या आपल्या परंपरेकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तसेच आपल्याच संस्था, आपलेच पक्ष व मंडळे यांतही एका व्यक्तीभोवती सारे फिरते आणि शिपायाचे, स्वयंपाकिणीचे मत कोणी विचारीत नाही, हे कटू सत्य आहे. जी कसोटी साखर कारखान्यास, तीच विहारास.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि गावातील कुटुंबांस जातपात न पाहता सामुदायिक शेतीसाठी जमीन द्यावी, जेणेकरून जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असे मांडले. प्रवरेचा कारखाना सुरू होण्यापूर्वीचा हा आराखडा आहे. तो व्यवहार्य होता की नव्हता यावर वाद होऊ शकेल. परंतु सहकाराचा विचार करताना सभासद कोण, हा प्रश्न त्यांनी प्रथम सोडविला आणि कारभाराचा नंतर. व्यवस्थापनशास्त्राने हा क्रम उलटा केला आहे.

म्हणून व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत शिरणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सुचवू. हे शास्त्र नीट शिका. ताळेबंद, रचना, आकडेवारी यांवाचून कोणाचेही कल्याण होत नाही. पण प्रबंधासाठी कारखान्यावर गेलात तर अध्यक्षांच्या दालनापूर्वी कोपीवर जा. उचल किती, खाडा किती, तान्ह्या मुलास फडात कोठे निजविले, हे विचारा आणि ते परिशिष्टात न ढकलता पहिल्या प्रकरणात लिहा. संशोधनाचा आरंभ तक्रारीपासून व्हावा, ही शिकवण आपल्या घरातच आहे. ती घेऊन त्या विद्यापीठांत जाणे हे आपले काम आहे.