मणी खरे, पण बाण कुठून आला?

गेल्या महिन्यात बोईसरला एक व्याख्यान ऐकलं. स्लाइडवर डावीकडे कार्नेलियनचे, म्हणजे तांबड्या अकीकाचे मणी, उजवीकडे कंबोडियातलं अंगकोर वाट आणि मधे एक भला मोठा बाण. मुद्दा असा की आपल्या सोपाऱ्याच्या बंदरातून मणी गेले आणि तिकडे मंदिरं उभी राहिली. टाळ्या पडल्या. मी पालघरची, मीही वाजवल्या. पण घरी येईपर्यंत तो बाण खटकायला लागला. तुम्हीच बघा.

आधी काळ. थायलंडमधल्या खाओ साम काएओला असे मणी सापडले. ती वस्ती मुख्यतः इ.स.पू. चौथ्या ते दुसऱ्या शतकातली. अंगकोर वाट इ.स. १२व्या शतकातलं. मधली १,२०० हून जास्त वर्षं त्या बाणाने गिळून टाकली.

मग मणी घडवले कुठे? खाओ साम काएओला नुसते तयार मणी नाहीत, अर्धवट घडवलेले मणी आणि टाकाऊ तुकडेही आहेत. बेरेनिस बेलिना यांचं म्हणणं असं की तंत्र भारतीय, पण काम तिथेच आणि तिथल्या मागणीप्रमाणे. म्हणजे मण्यांसोबत, कदाचित त्यांच्याआधी, कारागिरी समुद्रापार गेली. मला तर हे जास्त भारी वाटतं.

काचेचे मणी आणखी फसवे, कारण डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. तिथे रसायनशास्त्र लागतं. तारापूरमुळे आपल्याला युरेनियम हा शब्द नवा नाही. काचेच्या वाळूतही त्याचा अंश असतो आणि त्यावरून काचेचे गट पाडता येतात. विश्वास गोगटे, लॉर द्युसुब्यू आणि सहकाऱ्यांनी २००८ साली चौलच्या मण्यांची काच अशी तपासली. ती जुळली पूर्व आफ्रिकेतल्या मण्यांशी. कोकणाचा हा तपासलेला बाण पश्चिमेकडे जातो!

सोपारा मोठं बंदर होतं, यात वाद नाही. पण १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उघडलेल्या तिथल्या एकाच स्तूपात दुसऱ्या शतकातल्या यज्ञ सातकर्णीचं नाणं आणि आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या बुद्धमूर्ती, दोन्ही निघाल्या. शेजारी सापडलं म्हणजे समकालीन, असं होत नाही. मग दोन देशांतल्या दोन फोटोंचं काय सांगावं?

असा बाण काढला की अंगकोर बांधणारे ख्मेर लोकच चित्रातून पुसले जातात. पुढच्या वेळी टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: मणी कुठल्या थरातला, आणि काच तपासली का?