धुतलेल्या फरशीवरचा कारखाना

मुळशी तालुक्यात आधुनिक इमारतींचे फोटो भरपूर निघतात. खुबवलीच्या डोंगरावर ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी १९९०च्या दशकात काळ्या दगडात बांधलेलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज वास्तुकलेच्या जाणकारांना चांगलंच परिचयाचं आहे, आणि धरणाकाठचे बंगले तर आता ड्रोनने काढलेल्या फोटोंशिवाय विकलेच जात नाहीत. कारखान्याच्या वाट्याला मात्र हे कौतुक येत नाही. पिरंगुटपासून उरवड्यापर्यंत निळ्या-पांढऱ्या पत्र्याच्या शेड उभ्या आहेत. त्यांतल्या एका शेडचे फोटो सगळ्या पेपरांत झळकले ते ७ जून २०२१च्या आगीनंतर, पंधराहून अधिक कामगार, त्यांतही बहुतेक बायका, जळून गेल्यावर. कारखाना बघायचा तो अपघात झाल्यावर, अशी आपली रीत झाली आहे.

ती नेहमीच तशी नव्हती. स्वातंत्र्यानंतरची पंचवीसएक वर्षं कारखाना हा मुद्दाम पाहायचा, पाहुण्यांना दाखवायचा विषय होता. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पाठोपाठ आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को, आणि मुळशीच्याच वाटेवरच्या कोथरूडात १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स. तिकडे मुंबईत विक्रोळीला गोदरेजचा कारखाना होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्यांपैकी कितीतरी तिथल्याच. करवतीच्या दातांसारखी नॉर्थ लाइटची छपरं, ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्या, भिंतभर आडव्या खिडक्या: त्या पिढीच्या इंजिनियरांनी आणि वास्तुविशारदांनी कारखान्याला एक चेहरा दिला. तो चेहरा लोकांपर्यंत पोचला फोटोंतून. कंपनीचं कॅलेंडर, वार्षिक अहवाल, दिवाळी अंकातली पानभर जाहिरात. मराठी वाचकाला हे नवीनही नव्हतं. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं तेच मुळी किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं गृहपत्र म्हणून, आणि त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर (शंवाकि) स्वतः चित्रकार होते.

या छायाचित्रणातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे मित्तर बेदी. १९२६ साली लाहोरला जन्म, कारकीर्द सगळी मुंबईत, १९८५ साली निधन. तेलशुद्धीकरणाच्या टाक्या, तुर्भ्याच्या अणुभट्टीचा घुमट, पाइपांची जाळी हे त्यांचे विषय. त्यांच्याआधी आणि बरोबरीने कलकत्त्यात सुनील जाना पोलाद, कोळसा आणि धरणं टिपत होते. पण जानांचा डोळा बंगालच्या दुष्काळात घडलेला, त्यामुळे त्यांच्या चौकटीत माणूस आधी दिसतो. बेदींच्या फोटोत आधी आकार दिसतो. एक गोल, एक तिरपी रेघ, खाली काळीकुट्ट सावली, आणि कोपऱ्यात कुठे तरी हेल्मेट घातलेला एक कामगार. तो तिथे असतो तो बहुधा टाकी केवढी मोठी हे कळावं म्हणून. मोजपट्टीपुरता माणूस.

या फोटोंना नुसता सरकारी-भांडवली प्रचार म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ही कारागिरी किती अवघड होती ते आधी समजून घ्यायला हवं. भात्याचा मोठा कॅमेरा, प्रत्येक फोटोला फिल्मचा वेगळा तुकडा, काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा. कॅमेरा वर वळवला तर चिमणी आणि खांब मागे झुकलेले दिसतात. म्हणून कॅमेरा सरळ ठेवून नुसती भिंग धरणारी पाटी वर सरकवायची, की उभ्या रेघा उभ्याच राहतात. आकाश गडद हवं तर लाल फिल्टर. शॉपच्या, म्हणजे यंत्रशाळेच्या, आत उजेड इतका कमी की शटर कित्येक सेकंद उघडं. मग अंधाऱ्या कोपऱ्यांत मदतनीस दिवा फिरवत चालणार. इतक्या वेळात हलणारा माणूस धुरकट होऊन जातो, म्हणून त्याला जागच्या जागी उभं करायचं. म्हणजे काम थांबवल्याशिवाय कामाचा फोटो निघत नसे. फरशी धुवून ओली ठेवली की खिडक्यांचं प्रतिबिंब पडून उजेड दुप्पट वाटतो, आणि तेलाचे डागही लपतात. ट्रसच्या सरळ रेघा, खाली आरशासारखी फरशी, मधोमध गॅन्ट्री: त्या चित्राची शान खरी आहे. आणि त्यातला खोटेपणाही खरा आहे, कारण चालू शॉप कोणत्याही पाळीला तसं दिसत नसे.

चौकटीतून वगळलं जायचं ते नुसतं तेल आणि घाम नव्हतं. वीज कुठून आली, पाणी कुठून आलं, जमीन कोणाची होती, हे त्या फोटोंत कधीच येत नाही. इथे मुळशीचं नाव घ्यावंच लागतं. निळा-मुळेचं पाणी धरणात अडवून सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला नेलं आणि १९२७पासून त्याची वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना मिळू लागली. त्याआधी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. शेतं आणि गावं बुडायची ती बुडालीच. भिऱ्याच्या जलवाहिन्या आणि टर्बाइन हा छायाचित्रकाराला मोह पाडणारा विषय आहे. पण त्या पाइपांचा फोटो कितीही देखणा आला तरी त्यांच्या वरच्या टोकाला काय झालं ते तो सांगत नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या आपल्या औद्योगिक छायाचित्रणाने हीच सवय पुढे चालवली.

युरोपातही सुरुवात अशीच झाली होती. वॉल्टर ग्रोपियस यांनी जर्मनीत आल्फेल्डला फागुस कारखाना बांधायला घेतला तो १९११ साली. तिथे बुटांचे साचे बनत. पुढे १९२०च्या दशकात आल्बर्ट रेंगर-पाट्श यांनी मालकांच्या सांगण्यावरून त्याचे फोटो काढले. त्यांत काचेच्या भिंतीला जितका मान आहे तितकाच साच्यांच्या ओळींना. फोटो मालकाच्या पैशातूनच निघाले, पण छायाचित्रकाराचं नाव टिकलं, इमारतही टिकली, आणि २०११ साली ती जागतिक वारसा यादीत गेली. याच ग्रोपियस यांच्या हाताखाली हार्वर्डला शिकलेला आचऱ्याचा कोकणी मुलगा म्हणजे अच्युत कानविंदे. मेहसाण्याची त्यांची दूधसागर डेअरी हवा खेळवणाऱ्या उंच धुराड्यांमुळे लांबून किल्ल्यासारखी दिसते. २०२२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती, आणि त्या प्रदर्शनासाठी रणधीर सिंग यांच्याकडून मुद्दाम नवे फोटो काढून घेतले होते. सिंग यांचं काम थंड, नेमकं आणि प्रामाणिक आहे. पावसाने काळवंडलेलं काँक्रीट ते काळवंडलेलंच दाखवतात. मात्र मराठी माणसाच्या डेअरीची ओळख मराठी वाचकाला व्हायला न्यूयॉर्क लागावं, हे काही भूषण नाही.

आज महाराष्ट्रात या कलेची अवस्था काय? दोन टोकं आहेत. एकीकडे वास्तुछायाचित्रकार, ज्यांच्या इमारतीत माणूस नसतो. दुसरीकडे वृत्तछायाचित्रकारांची मोठी परंपरा. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं काम तर कुठल्याही भाषेत उभं राहील. पण तिथे इमारत ही पार्श्वभूमी. या दोन नजरा एका चौकटीत आणणारं काम फार थोडं. मधल्या जागेत वाढलं आहे ते पडक्या गिरण्यांचं सुंदर छायाचित्रण: गंजलेली चाकं, छपरातून आलेला पिंपळ, तुटक्या काचेतून उन्हाचा झोत. हे फोटो मला बेदींच्या धुतलेल्या फरशीपेक्षाही खोटे वाटतात. बेदी निदान चालू कारखाना दाखवत होते आणि त्याबद्दल कोणी पैसे दिले ते लपवत नव्हते. पडझडीची ही नजाकत गिरणी का बंद पडली हा प्रश्नच विसरायला लावते.

उपाय माहीत नाही असं नाही. बेर्न्ड आणि हिला बेशर या दांपत्याने १९५९पासून जर्मनीतल्या खाणी, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या समोरून, एकाच शिस्तीत, ढगाळ आकाशाखाली टिपल्या. डोर्टमुंडमधल्या त्सोलर्न खाणीचं यंत्रघर १९६९ साली पाडण्यापासून वाचलं, त्या लढ्यात ते होते. ढगाळ उजेडाची त्यांना वाट पाहावी लागे. मुळशीत तो जून ते सप्टेंबर फुकट मिळतो, आणि नेमके तेव्हाच आपले लोक कॅमेरा पिशवीत भरून ताम्हिणीचे धबधबे बघायला जातात. दिल्लीत मदन महत्ता यांनी आधुनिक इमारती उभ्या राहत असतानाच टिपून ठेवल्या होत्या. एप्रिल २०१७मध्ये प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स रातोरात पाडलं. वास्तू वाचली नाही, पण काय गमावलं ते दाखवायला महत्तांचे फोटो होते. पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांसाठी असं कोणाचं सलग काम डोळ्यापुढे येत नाही, आणि जुन्या शेडच्या जागी मनोरे उभे राहण्याचा वेग तर आपण बघतोच आहोत.

कागदपत्रांच्या बाजूने थोडी आशा आहे. विक्रोळीला गोदरेजचं अभिलेखागार २००६पासून आहे, टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार पुण्यात आहे. बाकीच्या कंपन्यांच्या निगेटिव्ह कुठल्या कपाटात आहेत ते त्या कंपन्यांनी तपासावं. जुन्या अॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती सडायला लागली असं समजायचं, आणि आपल्या दमट हवेत हे लवकर होतं. त्या निगेटिव्ह स्कॅन करून फोटोखाली तीन नावं छापावीत: वास्तुविशारद किंवा इंजिनियर, छायाचित्रकार, आणि चौकटीत उभ्या असलेल्या कामगाराचं, कळत असेल तर. ‘फोटो सौजन्य : कंपनी’ एवढ्यावर आता भागायचं नाही.

आणि चिंचवड, पिंपरी, कोथरूडच्या निवृत्त मंडळींना एक विनंती. तुमच्या माळ्यावर कंपनीचं जुनं कॅलेंडर असेल, रौप्यमहोत्सवी अंक असेल, गेटसमोर पाळीतल्या सगळ्यांनी काढलेला ग्रुप फोटो असेल. रद्दीत घालण्याआधी मागच्या बाजूला शॉपचं नाव, साल आणि उभ्या-बसलेल्यांची नावं पेन्सिलीने लिहून ठेवा. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला फुटते.