दिसतं ते सापडतंच असं नाही

परदेशातल्या एखाद्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ उघडलं की आपण गणेशोत्सवाचे फोटो आणि नाटकाच्या तिकिटांची सोय बघतो. हे सगळं ज्या प्रणालीवर उभं असतं, तिची परीक्षा क्वचितच होते. माझ्या मते तिला दोन कसोट्या लावाव्यात. लिहिलेलं मराठी दहा वर्षांनी सापडतं का? आणि वेळ आली तर ते उचलून दुसरीकडे नेता येतं का?

पहिल्या कसोटीवर जुनी स्थळं सपशेल नापास होतात. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असे. पडद्यावर 'क' दिसला, तरी साठवलेलं असे एखादं रोमन अक्षर. फॉन्ट गेला की लेखाचा नुसता अक्षरांचा ढीग उरतो. युनिकोडनं हे दुखणं बरंचसं घालवलं, पण पुरतं नाही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. तोवर 'अ'वर चंद्र देऊन काम भागवलं जाई. डोळ्यांना दोन्ही रूपं सारखीच, यंत्राला मात्र वेगळी. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ती एक होत नाहीत. शोधसुविधा बसवणाऱ्यानं हे मुद्दाम हाताळलं नाही, तर समोर असलेला लेखही निसटू शकतो.

दुसऱ्या कसोटीवर ड्रुपल आणि वर्डप्रेस यांची तुलना उद्बोधक आहे. ड्रुपल २००१चं. लेख, कविता, पाककृती यांना वेगवेगळे रकाने द्यायचे, कोणत्या सदस्यानं काय करावं हे बारकाईनं ठरवायचं, तर त्याचा हात धरणारं फारसं कुणी नाही. मायबोली, मिसळपाव ही गजबजलेली मराठी स्थळं त्यावरच वाढली. पण २०१५ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत गाभा इतका बदलला की जुनी मॉड्यूल्स तशीच वापरता येईनात. सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. पगारी तंत्रज्ञ असलेल्या संस्थेला हे झेपतं. शनिवार-रविवारी काम करणाऱ्या एखाद्या स्वयंसेवकासाठी मात्र हे राहतं घर पाडून नवं बांधण्यासारखं आहे.

वर्डप्रेस २००३चं. त्याची नवी आवृत्ती सहसा जुनं मोडत नाही, आणि सगळे लेख व प्रतिक्रिया एका फाइलमध्ये काढून घेण्याची सोय मुळातच आहे. त्या फाइलमध्ये चित्रांचे फक्त पत्ते असतात, चित्रं नसतात, हे विसरू नये. सदस्यत्व, वर्गणी, कार्यक्रम यांसाठी प्लगिन्स चढवत गेलं की तीही सोय पोकळ होते, कारण अनेक प्लगिन्स आपली माहिती स्वतंत्र तक्त्यांत ठेवतात.

म्हणून छोट्या मंडळानं वर्डप्रेस घ्यावं, प्लगिन्स मोजकीच ठेवावीत आणि वर्गणीचा हिशेब वेगळा ठेवावा, असं माझं मत आहे. फेसबुकचा गट त्याहून सोपा, पण दोन्ही कसोट्यांवर लंगडा. तिथलं जुनं लिखाण शोधणं जिकिरीचं, आणि सगळ्यांचं मिळून एकत्र बाहेर काढणं त्याहून अवघड.

हा वाद निव्वळ तांत्रिक नाही. पहिल्या पिढीनं इथं येऊन लिहिलेल्या आठवणी, स्मरणिकांमधले लेख, मुलांसाठी रचलेली नाटुकली यांची दुसरी प्रत बहुधा कुठंच नसते. कार्यकारिणी बदलते तेव्हा नव्या मंडळींनी तीन प्रश्न विचारावेत. संकेतस्थळाचं नाव कुणाच्या खात्यावर नोंदवलंय? राखीव प्रत कुठे आहे? आणि तिच्यावरून स्थळ पुन्हा उभं राहतं का, हे कुणी करून पाहिलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर मुखपृष्ठ नवं करण्याआधी ते काम हाती घ्यावं.