कोहबरापासून कागदापर्यंत

बिहारमध्ये १९६६-६७ साली दुष्काळ पडला, तेव्हा भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार कागद घेऊन मधुबनीच्या गावांमध्ये गेले. हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकरांनी त्यांना हस्तकला मंडळाच्या कामावर पाठवलं होतं. लग्नघरात कोहबर, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीतल्या भिंतीवरचं चित्र, रंगवणाऱ्या बायकांनी तेच कागदावर काढावं आणि चार पैसे मिळवावेत, एवढाच हेतू. पुढे हेच कुलकर्णी डहाणूकडच्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर पोचले. तिथेही भिंतीवर लग्नाचा चौक लिहिण्याचा, म्हणजे रंगवण्याचा, मान सवाशिणींचाच होता. पण मिथिलेत, म्हणजे मधुबनीच्या मुलखात, कागदावर बायका आल्या आणि वारलीत आला एक पुरुष, जिव्या सोमा म्हसे. म्हसे थोरच, प्रश्न त्यांच्या प्रतिभेचा नाही. चौक लिहिणाऱ्या हातांचं पुढे काय झालं, हे मात्र आपल्याकडच्या कलासमीक्षेने फारसं विचारलं नाही.

मिथिलेत चित्राखाली बाईचं नाव आलं आणि नावामागोमाग तिचं आयुष्यही आलं. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे गंगादेवी. कायस्थ घरातल्या, कचनी या रेघांच्या शैलीत, बारीक रेघेत तयार झालेल्या. नवऱ्याने दुसरी बायको केली. ‘मानवजीवन’ मालिकेत त्यांनी बाईच्या आयुष्यातले जन्मापासूनचे संस्कार ओळीने मांडले. अमेरिकेला जाऊन आल्यावर तिथला रोलर कोस्टर काढला आणि कर्करोग झाला तेव्हा इस्पितळही काढलं. खाटा, सलाइन, डॉक्टर सगळे त्याच रेघेत, जिच्यात एरवी कमळ आणि बांबू उमटतात. आजारी शरीराकडे इतकं थेट, कुढण्याशिवाय बघणारी चित्रं आधुनिक भारतीय कलेत थोडी आहेत. तरी त्यांची गणना ‘लोककले’त. दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममधलं त्यांनी रंगवलेलं कोहबरघर २०१५ मध्ये पुसलं गेलं. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी रंगवलेल्या भिंतीवर चुना फासायला कुणी धजावलं असतं का?

पण ‘मिथिलेच्या बायका’ म्हटलं की सगळ्या एका ओसरीवर बसल्या आहेत असं वाटतं, ते खरं नाही. कागद आधी पोचला तो मुख्यतः ब्राह्मण-कायस्थांच्या अंगणात. दलित दुसाध बायकांना देवादिकांच्या त्या चित्रांत जागा नव्हती. चानोदेवींसारख्यांनी गोंदणाच्या आकृत्या कागदावर आणल्या आणि आपल्या लोकदेवाची, राजा सलहेसची, कथा रंगवली. मल्लाह या मच्छीमार समाजातल्या दुलारीदेवी तर रांटी गावात चित्रकार महासुंदरीदेवींच्या घरी धुणीभांडी करता करता चित्रं काढायला शिकल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी कौतुकात ही गोष्ट ‘जिद्दीची कहाणी’ होऊन बसते. भांडी घासणारी आणि चित्र काढणारी यांच्यातली भिंत जातीची होती, हे त्यात विरून जातं.

आज या कलेत स्त्रीवाद उघडपणे बोलतो. मिथिलेच्याच चित्रकार राणी झा यांनी गर्भपाताच्या दवाखान्याचं चित्र काढलं, पडदा फाडून बाहेर पडणाऱ्या बायका काढल्या. त्यांची रेघ जिवंत आहे. पण त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ कामात विषय आधी ठरतो आणि रेघ नंतर ओढली जाते. हुंडा, भ्रूणहत्या, मुलींचं शिक्षण. आशय बरोबर, पण चित्र जनजागृतीच्या फलकासारखं. शिवाय गिऱ्हाईक अजून मासे आणि रामसीताच मागतं, त्यामुळे धीट चित्र बहुधा प्रदर्शनापुरतं राहतं. दुलारीदेवींच्या मासे धरणाऱ्या बायका मात्र कसलाही संदेश देत नाहीत. कामात गढलेल्या असतात, कागद भरून टाकतात.